ऑस्ट्रेलियाला निघालोय, मुलांना साप-कोळ्यांबद्दल काय आणि कसं सांगू?

गोदाकाठची मुक्ता (इंदिरानगर, नाशिक), ८ ऑक्टोबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. नवऱ्याला ब्रिस्बेनला नोकरी लागली आहे. व्हिसा हातात आलाय, जानेवारीत आम्ही चौघं निघतोय. थोरली साडेसहा वर्षांची, धाकटा नुकताच तीन पूर्ण झालाय. घर, शाळा, सामान यांची माहिती इथल्या जुन्या धाग्यांत मिळाली, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. माझा प्रश्न वेगळा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीतल्या मोठ्या मुलांनी थोरलीला एक व्हिडिओ दाखवला. संडासाच्या भांड्यातून साप वर येतो, बुटातून हाताएवढा कोळी बाहेर पडतो, असलं काहीतरी. तेव्हापासून ती रात्री एकटी बाथरूमला जात नाही. परवा झोपताना म्हणाली, "आई, तिकडे सगळंच चावतं का?" मी पटकन म्हणून गेले, "काही नाही गं, तसलं काही नसतं." तर म्हणाली, "मग तो व्हिडिओ खोटा होता?" मला उत्तर सुचलं नाही. खोटं बोलले तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल आणि खरं सगळं सांगितलं तर ती विमानातच बसणार नाही.

धाकट्याचं बरोबर उलट. दिसेल ते उचलायचं. मुंगळे मुठीत घेऊन घरात येतो. सासूबाई रोज म्हणतात, लेकरांना कुठल्या रानात नेताय. तिकडे राहणाऱ्यांनी आणि इथल्या जाणत्यांनी सांगा, निघण्याआधी या तीन महिन्यांत मुलांची तयारी कशी करून घेऊ?

जकरंदा (ब्रिस्बेन, मूळ पंचवटी), ९ ऑक्टोबर, पहाटे ४.५०

मुक्ताताई, आम्हाला इथे अकरा वर्षं झाली. माझी दोन्ही मुलं इथेच शाळेत गेली. आधी काळजीचं ओझं थोडं कमी करते, मग कामाचं सांगते.

ऑस्ट्रेलिया हे एक गाव नाही. मगरींचा मुलूख सुरू होतो तो ब्रिस्बेनच्या उत्तरेला पाचेकशे किलोमीटरवर, ग्लॅडस्टनच्या आसपास. जीवघेणी बॉक्स जेलीफिश केर्न्स, टाउन्सव्हिलकडच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे या काळात असते. ब्रिस्बेन ते केर्न्स रस्त्याने जवळजवळ सतराशे किलोमीटर, नाशिकहून दिल्ली परवडली. त्यामुळे व्हिडिओतलं सगळं एकाच अंगणात नसतं, हे थोरलीला नकाशा काढून दाखवा. माझ्या मुलाची अर्धी भीती नकाशानेच गेली होती.

आता अंगणात खरोखर काय असतं ते. भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसेल, तो हन्ट्समन. दिसायला भयंकर, पण माणसाला त्याच्यापासून जवळपास धोका नाही, आणि तो झुरळं खातो. खरी सावधगिरी रेडबॅक नावाच्या कोळ्याची. मादी वाटाण्याएवढी काळी, पाठीवर लाल पट्टा. ती भिंतीवर मिरवत नाही. बाहेरच्या खुर्चीखाली, कुंडीच्या काठाखाली, टपालपेटीत, पावसात पडून राहिलेल्या खेळण्याच्या पोकळीत बसते. तिच्या विषावरचं औषध १९५६ पासून उपलब्ध आहे. चावली तर खूप दुखतं, पण धीर सोडायची गरज नसते.

आपली एक सवय इथे बदलावी लागते, आणि हे कुणी सांगत नाही. आपण मराठी माणसं चपला-बूट दाराबाहेर काढतो. रात्रभर बाहेर राहिलेला बूट म्हणजे कोळ्याला आयतं घर. बूट आत ठेवायचे, आणि बाहेर राहिलेच तर उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. ही सवय आजपासून नाशिकमध्येच लावा.

साप आहेत. ईस्टर्न ब्राउन हा खरोखर विषारी आहे आणि शहराच्या कडेलाही दिसतो. छपरावर अजगराच्या जातीचा कार्पेट पायथन दिसला तर दचकू नका, तो बिनविषारी. तुम्ही जानेवारीत येताय म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तेव्हा साप चांगलेच हिंडत असतात. वाढलेल्या गवतात अनवाणी जायचं नाही, एवढं पक्कं.

आणखी एक, तुमच्या धाकट्यासाठी. केन टोड नावाचा मोठा बेडूक रात्री अंगणात येतो. १९३५ साली उसावरचे भुंगे खायला म्हणून तो क्वीन्सलँडमध्ये मुद्दाम आणला. भुंगे राहिले बाजूला, बेडूकच दूरदूर पसरत गेला. त्याच्या खांद्यावरच्या गाठींतून विषारी पांढरा चीक येतो. मुंगळे मुठीत घेणाऱ्या मुलाला हा फार आवडेल, म्हणून आधीच सांगतेय.

रानवारा (गंगापूर रोड), ९ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

मला हा सगळा बाऊ वाटतो. २०१९ च्या जानेवारीत इथे सावरकरनगरमध्ये भरवस्तीत बिबट्या शिरला होता. आपण काय नाशिक सोडून गेलो? भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोन-तीनच्या घरात असतो. मुलांना धोक्यातून कमी धोक्यात नेताय ताई.

सर्पमित्र सातपूर, ९ ऑक्टोबर, दुपारी २.३५

रानवारा यांचे आकडे बरोबर आहेत, पण सहा वर्षांच्या मुलीला आकड्याने झोप लागत नाही. तिला काहीतरी करायला द्या. भीती वाटणाऱ्या मुलाच्या हातात एक कृती दिली की ते सावरतं, हे मी वस्त्यांवर आणि शाळांत पुष्कळदा बघितलंय.

मी मुलांना स्टॅच्यू शिकवतो. हा खेळ सगळ्यांना येतो. साप दिसला की स्टॅच्यू. मनात पाचपर्यंत मोजायचं. मग तोंड सापाकडेच ठेवून एक-एक पाऊल मागे. बाजूला मोकळी जागा मिळाली की मोठ्या माणसाला हाक. साप पाठलाग करत नाही, त्याला निघून जायचं असतं. बहुतेक चावे पाय पडल्याने, हात घातल्याने किंवा मारायला गेल्याने होतात. हा खेळ पांडवलेण्याच्या पायथ्याला, सोमेश्वरला, कुठेही फिरायला गेलात की खेळा. तुम्ही अचानक "साप!" म्हणायचं आणि मुलांनी जागच्या जागी थांबायचं. दहा-बारा वेळा झालं की अंगात मुरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही ठिकाणी सर्पजागृतीच्या नावाखाली जिवंत साप मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढतात. गेल्या वर्षी एका शाळेत हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, मी तिथेच भांडलो. एकतर वन्यजीव कायद्याने साप असा हाताळता येत नाही. दुसरं म्हणजे, मूल त्या दिवशी शिकतं की साप हातात घ्यायची वस्तू आहे. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुलाला हे शिकवणं म्हणजे त्याच्याशी वैर. भीती घालवायला म्हणून असल्या कार्यक्रमाला मुलांना नेऊ नका.

द्राक्षबाग (निफाड तालुका), ९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितो.

आमची वस्ती मळ्यात. मी अकरा वर्षांचा, धाकटा भाऊ आठ. उन्हाळ्यात दुपारी बांधावरच्या आंब्याकडे जायचं नाही असा वडिलांचा दम होता, कारण तिथे दगडांचा ढीग आणि वाळका पाला. भाऊ गेला. पाल्यात पाय पडला आणि घोणस चावली. त्याने चड्डीच्या नाडीने पोटरी आवळून बांधली, घरी आला आणि पांघरूण घेऊन झोपला. कुणाला बोलला नाही. का, तर वडील मारतील.

दिवेलागणीला आईने पांघरूण काढलं तर पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा. मग एका मांत्रिकाकडे नेलं, त्यात आणखी दोन तास. नाशिकला पोचेपर्यंत रात्र. भाऊ वाचला, आज त्याची स्वतःची बाग आहे, पण त्या पायाची दोन बोटं गेली आणि थंडीत अजून पाय दुखतो. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, साप नाही चावला माझ्या पोराला, माझा धाक चावला.

आता माझ्या घरात दोन मुली आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत उसात बिबट्याचे बछडे सापडतात, वनखात्याची माणसं येतात, मादी रात्री येऊन पिल्लं नेईपर्यंत सगळी वस्ती आत बसते. त्यामुळे मुलींना धाक लावायचे प्रसंग रोज येतात. पण मी त्यांना एक वाक्य पाठ करून दिलंय: "काही चावलं, टोचलं, बोचलं, तर जिथे जायला नको म्हटलंय तिथे का असेना, आधी येऊन सांगायचं. रागावणार नाही." आणि ते मी पाळतो. एकदा थोरली पंपाच्या खोलीत गेली होती, गांधीलमाशी चावली, रडत येऊन सांगितलं. मी शब्दाने बोललो नाही. फार जड गेलं, पण नाही बोललो.

ताई, देश कोणताही असो, हे आधी करा.

कस्तुरी_बालरोग (नाशिक), १० ऑक्टोबर, सकाळी ७.४५

द्राक्षबाग दादा, तुमचं लिहिणं वाचून काही वेळ दुसरं काही सुचलं नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. उशिरा सांगितलेल्या चाव्यांची मुलं मी बघितली आहेत. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण हेच असतं.

मुक्ता, प्रथमोपचार मुलांनी नाही, तुम्ही दोघांनी शिकायचे आहेत. आणि इथे एक मोठा फरक समजून घ्या, कारण नाशिकचं ज्ञान तिथे जसंच्या तसं चालत नाही.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप. घोणस आणि फुरशाच्या विषाने दंशाच्या जागचं मांस सडतं. म्हणून आपल्याकडे आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. धीर द्यायचा, हातपाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि १०८ बोलावून दवाखाना गाठायचा. भावाने बांधलेल्या नाडीने नुकसान वाढलं असणार.

ऑस्ट्रेलियात घोणशीसारखे साप नाहीत, तिथले मुख्य विषारी साप नागाच्या कुळातले. त्यांचं विष शरीरात आतल्या रसवाहिन्यांतून पसरतं. म्हणून तिथे रुंद लवचिक क्रेप बँडेज दंशावरून घेऊन बोटांपासून वरपर्यंत सगळा हात किंवा पाय गुंडाळतात. मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकं घट्ट, रक्त थांबेल असं नाही. मग फळी बांधायची आणि मुलाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. जागा धुवायची नाही, कारण त्वचेवर राहिलेल्या विषावरून साप कोणता ते दवाखान्यात तपासता येतं. तिथला आणीबाणीचा नंबर ०००, विषबाधेच्या सल्ल्यासाठी १३ ११ २६. फनेल-वेब कोळी चावला तरी हेच बँडेज. त्याच्या विषावरचं औषध १९८१ पासून आहे. पण रेडबॅक चावला तर बँडेज नाही, फक्त बर्फाची पिशवी, आणि मूल लहान असेल तर दवाखाना.

बँडेजचा सराव मुलांच्या पायावरच करा. त्यांना गुदगुल्या होतात, खेळ वाटतो. प्रसंग आलाच तर आपल्याला काय करताहेत ते मुलांना ओळखीचं असतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं राहिलं. वटवाघूळ. ब्रिस्बेनमध्ये संध्याकाळी मोठी फळखाऊ वटवाघळं थव्याने उडतात. कुत्र्यांचा रेबीज ऑस्ट्रेलियात नाही, पण वटवाघळांत त्याच्या जवळचा विषाणू १९९६ मध्ये सापडला. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ, मेलेलं असलं तरी, हात लावायचा नाही. ओरखडा जरी आला तरी लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरकडे. इथे जागा धुवायची, साप चावला तर नाही. हे दोन्ही उलटसुलट होऊ देऊ नका.

गोदाकाठची मुक्ता, १० ऑक्टोबर, रात्री १०.४०

वाचनखूण साठवली आहे आणि नवऱ्यालाही वाचायला लावलंय. द्राक्षबाग दादा, मी आज मुलीला तुमच्या भावाची गोष्ट सांगितली, बोटांचं सोडून. तिने विचारलं, "बाबांनी मारलं असतं का खरंच?" मग स्वतःच म्हणाली, "मी मागे खुर्चीवरून पडले होते, ते तुला सांगितलं नव्हतं." मार्चमधली गोष्ट! डोक्याला टेंगूळ आलं होतं, मला म्हणाली होती दाराला आपटलं. म्हणजे आमच्या घरातही हा धाक आहेच. मला फार लागलं ते.

उत्तरवारा (व्हँकूवर, मूळ देवळाली), ११ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

आमच्याकडे साप-कोळ्यांची धास्ती नाही, अस्वलांची आहे. पण सर्पमित्रांचा स्टॅच्यू इथेही तसाच चालतो. मुलांना बालवाडीपासून शिकवतात की पळायचं नाही. पळणारी वस्तू म्हणजे शिकार. एकत्र जमायचं, हळू आवाजात बोलत मागे सरकायचं. देवळालीला बिबट्याबद्दल आमचे आजोबा हेच सांगायचे, वाकू नको, पळू नको, उभा राहा.

एक सल्ला. प्राण्याला वाईट म्हणू नका. आम्ही पहिल्या वर्षी "दुष्ट अस्वल" म्हणत राहिलो, त्याने मुलगा रात्री किंचाळून उठायला लागला. "ते त्याचं घर आहे, आपण पाहुणे" असं म्हणायला लागलो तेव्हा शांत झाला. पेठ-सुरगाण्याकडे वाघबारसेला वाघाला नैवेद्य दाखवतात ना, तोच भाव.

शाळेतली बाई (नाशिकरोड), ११ ऑक्टोबर, दुपारी ४.००

एक मुद्दा कुणी लिहिला नाही. तुमची थोरली मराठी शाळेत आहे का? असेल तर जानेवारीच्या शेवटी ती तिथल्या वर्गात बसेल तेव्हा तिच्याकडे इंग्रजी थोडकंच असेल. मैदानावर काही चावलं तर ती सांगणार कुणाला आणि कशी? लहान मुलं नवीन भाषेत गप्प बसतात. सगळं समजत असूनही महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. "रागावणार नाही" हे तिला घरी कळेल, पण शाळेत शब्दच नसतील तर उपयोग काय?

तिला तीन वाक्यं पक्की करून द्या: "समथिंग बिट मी." "इट हर्ट्स हिअर." "प्लीज कॉल माय मम." बोट दाखवून, अभिनय करून, रोज एकदा. धाकट्याला फक्त "बाइट" आणि "आउच" आलं तरी पुरे. तिकडे गेल्यावर घराचा पत्ता आणि ००० हे थोरलीला गाण्यासारखं पाठ करून घ्या. आणि शाळेत पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांगा की ही न बोलता रडली तर हातपाय तपासा.

माई (पंचवटी), ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

नातवाकडून टंकून घेतेय. आमच्या लहानपणी रात्री सापाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, "लांबडं" म्हणायचं. साप येऊ नये म्हणून भिंतीवर आस्तिक ऋषींचं नाव लिहायचे. पण त्याबरोबर अंधारात काठी आपटत चालायचं, कंदील घेतल्याशिवाय सरपणाला हात लावायचा नाही, अंथरूण झटकल्याशिवाय निजायचं नाही, हेही होतं. पोरीला अंथरूण झटकायला लाव रोज. नागपंचमीला आपण हात जोडतो, हात लावत नाही, असं सांग तिला. सासूबाईंना म्हणावं, तुमच्याकडून पोरं ह्या सवयी शिकतील, त्यांना कामाला लावा. काळजी करणाऱ्या माणसाला काम लागतं.

जकरंदा, १२ ऑक्टोबर, पहाटे ५.२०

माईंना नमस्कार. शाळेतल्या बाईंनी लिहिलं ते शंभर टक्के खरं, माझा मुलगा चार महिने वर्गात बोलला नव्हता.

राहिलेलं थोडं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांवर झेप घेतात. आपल्याकडे जूनच्या सुमाराला कावळे टोचतात तसंच, फक्त जोर जास्त. टोपी आणि चष्मा घालून, न पळता, दुसऱ्या रस्त्याने जायचं. समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. वाळूत निळा फुगा दिसला तर ती ब्लूबॉटल, वाळलेली असली तरी डंख मारते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात जागा वीस मिनिटं बुडवली की दुखणं उतरतं. खडकांतल्या डबक्यांत हात घालायचा नाही, शंख-शिंपले उचलायचे नाहीत. निळ्या कड्यांचा इवलासा ऑक्टोपस असतो, त्याच्या विषावर औषध नाही.

आणि रानवारा यांच्या म्हणण्यात एक भर. लहान मुलांचा खरा वैरी पाणी आहे. इथे घराच्या पोहण्याच्या तलावाला कुंपण कायद्याने लागतं, ते उगाच नाही. धाकट्याच्या हाताला ते फाटक उघडं सापडू देऊ नका. तीन महिने हातात आहेत, त्र्यंबक रोडवर महापालिकेचा तलाव आहे, थोरलीला आत्ताच पोहायला घाला.

गोदाकाठची मुक्ता, २१ डिसेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांना कळवायचं होतं. पुढच्या महिन्यात निघतोय. थोरली पंधरा फूट पोहते, अजून श्वास घ्यायला डोकं पूर्ण वर काढते. बूट आपटायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, सोसायटीत पाहुणे आले तरी त्यांचेही आपटून ठेवते. सासूबाई रोज दोघांकडून अंथरुणं झटकून घेतात. बँडेज बांधताना माझा हात अजून सैल पडतो, डॉक्टरताईंनी सांगितलं म्हणून रोज रात्री एकदा बांधते.

धाकटा अजून मुंगळे पकडतो. पण काल सोमेश्वरला पायरीवर सरडा दिसला, तर हात पुढे केला आणि थांबला. माझ्याकडे बघून ओरडला, "आई, स्टॅच्यू!" आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, सरडा जाईपर्यंत.

बाथरूमला थोरली अजून एकटी जात नाही. पण आता आतला दिवा ती स्वतः लावते, मला दारात उभं करते, आणि भांड्यात डोकावून सांगते, "काही नाहीये, आई."